आधी पगारपत्रक वाचायला शीक

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. सातवीपर्यंत आईबाबांबरोबर उसाच्या फडावर जायचे, आता पुण्यात वसतिगृहात राहून समाजशास्त्रात एम.ए. करतेय. कॉलेजने १२० तासांची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, सांगितली आहे. मैत्रिणी कंपन्यांच्या एचआरमध्ये चालल्यात, मला कामगारांबरोबर काम करायचंय. दोन संस्थांना ईमेल केले, उत्तर नाही. एक संस्था ये म्हणते, पण मानधन काहीच नाही. पुढे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू की एलएलबी? बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, युनियनचं नाव लागलं तर कुठेच नोकरी लागणार नाही. माझे सख्खे मामा मुकादम आहेत, ऊसतोडीला मजुरांची टोळी नेतात. त्यांच्या ओळखीने गावातच ऊसतोडीवर प्रकल्प करणं सोपं जाईल, करू का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण त्यात अडकलीस तर बाकीचं वाया जाईल. मामांच्या टोळीवर प्रकल्प करू नकोस.

उचल कशी चालते ते तुला शिकवायला नको. हंगामाआधी अंगावर पैसे घ्यायचे, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, टनाचा हिशेब मुकादमाच्या वहीत, खाडा पडला की कापणी, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ‘फिटलं’ किंवा ‘बाकी’. बाईने नवऱ्याएवढ्याच मोळ्या बांधल्या तरी वहीत नाव त्याचंच. आता या वहीबद्दल टोळीतली बाई मुकादमाच्या भाचीशी काय बोलणार? ‘बरं चाललंय’ एवढंच. आणि चुकून खरं बोलली, तर ते तुझ्या वहीतून आजोळच्या ओसरीवर कधी पोचलं ते तुलाही कळणार नाही. मामा वाईट आहेत असं यात काही नाही. मुकादमानेही वाहतूकदाराचा नाहीतर कारखान्याचा पैसा उचललेला असतो, टोळी पळाली तर त्याच्याही मानेवर येतं. पण हिशेबात काही चुकीचं सापडलं तर तू कोणाच्या बाजूने बसणार, हा प्रश्न पहिल्याच कामात तुझ्यावर येऊ नये. ऊसतोडीवर काम करायचंच असेल तर दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी ठेव, दुसरा तालुका धर आणि मामा मुकादम आहेत हे मार्गदर्शकाला आणि तिथल्या संस्थेला पहिल्याच दिवशी सांग. हंगामाचंही बघ. दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेल्या असतात. उन्हाळी सुट्टीत तू गावी जाशील तेव्हा फड नसतो, हिशेब मात्र सगळ्यांच्या डोक्यात ताजा असतो.

आता १२० तास. बऱ्याच मुली सुट्टीत सलग वीस दिवस, रोज सहा तास असं उरकतात. कामगारांच्या कामात त्याचा उपयोग कमी. कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज गेला की पुढची तारीख पंधरा-वीस दिवसांनी मिळते. वीस दिवसांत तुला अर्ज दिसेल, त्याचं पुढे काय झालं ते दिसणार नाही. त्यापेक्षा आठवड्याला दोन दिवस, सहा-सहा तास घे. दहा आठवड्यांत १२० तास होतात आणि तेवढ्यात एखादं प्रकरण अर्जापासून दोन-तीन तारखांपर्यंत बघायला मिळतं. ही विभागणी कॉलेजला चालते का ते आधी लेखी विचार. शेवटच्या आठवड्यात हजेरीपत्रकाचा नमुना वेगळाच निघाला म्हणून श्रेयांक अडकल्याचे प्रकार होतात.

पुण्यात असल्याचा फायदा घे. अंगमेहनतीच्या माणसांच्या संघटना कशा चालतात ते बघायला याहून बरं शहर क्वचितच मिळेल. डॉ. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत आहे. १९६९ चा माथाडी कायदा हमालांची नोंदणी, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मंडळामार्फत कसा चालवतो, ते मार्केट यार्डाच्या आसपास समजतं. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची. त्यातूनच पुढे महापालिकेबरोबर करार करून काम करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. घरेलू कामगार, बांधकाम मजूर, कंत्राटी सफाई कामगार यांच्या संघटना वेगळ्या. मुंबईत शहरी गरिबांबरोबर काम करणाऱ्या ‘युवा’सारख्या संस्था आहेत, स्थलांतरित मजुरांच्या वेतनाच्या तक्रारी हाताळणारा आजीविका ब्यूरो आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचाही विचार कर. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि हे बहुतेक कामगारांना ठाऊक नसतं.

संघटनेला ईमेल करून उत्तर येत नाही यात अपमान मानू नकोस. त्यांचं टपाल बघणारा माणूस बहुतेक वेळा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तारखेला गेलेला असतो. ‘इंटर्नशिप’ नावाची सोय बहुतेक युनियनकडे नसतेच, ती आपण जाऊन तयार करायची. प्रत्यक्ष जा, बाजारात जायचं असेल तर माल उतरण्याची सकाळची घाई सोडून दुपारी जा, आणि हातात अर्ध्या पानाचं पत्र ठेव. त्यात कौतुकाचे परिच्छेद नकोत. असं लिही : ‘मी अमुक कॉलेजात एम.ए. करते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ११ ते ५ येऊ शकते, अमुक तारखेपासून दहा आठवडे. मराठी युनिकोडमध्ये टाइप करते, एक्सेलमध्ये यादी करते, हिंदी बोलते. अर्ज लिहिणं, पगारपत्रकं तपासणं, नोंदी ठेवणं यांपैकी जे काम पडून असेल ते द्यावं.’ खाली फोन नंबर आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचं नाव. ‘पडून असलेलं काम’ हे शब्द वाचले की कार्यालय सांभाळणारी व्यक्ती मान वर करून बघते. प्रत्येक संघटनेत असं काम कपाटभर असतं.

आणि ते काम बहुतांशी कारकुनी असतं. कामगार चळवळ म्हटलं की डोळ्यांसमोर मोर्चा येतो. पण मोर्चाला माणसं जमतात. शंभर पगारपत्रकं समोर घेऊन प्रत्येकातून किती कापलं ते काढून देणारी मुलगी मात्र मिळत नाही. ते तुला आलं तर चौथ्या दिवसापासून तुझी वाट बघतील.

एक पगारपत्रक धरून बघू. एखाद्या आयटी कंपनीच्या इमारतीत कंत्राटदारामार्फत झाडलोट करणारी बाई आहे असं समज (आकडे समजण्यापुरते आहेत). एकूण पगार १४,५०० रुपये. त्यात मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १४,०००. हातात आले १०,८३१. कपातीच्या रकान्यात लिहिलंय : पीएफ (भविष्य निर्वाह निधी) ३,३६०, ईएसआय (कामगार विमा) १०९, व्यवसाय कर २००.

पीएफ कामगाराकडून १२ टक्के, म्हणजे १४,००० वर १,६८० व्हायला हवा. ३,३६० हे बरोबर दुप्पट आहेत. मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा हिस्साही तिच्याच पगारातून कापलाय. ही कंत्राटदारांची जुनी खोड, आणि ती सरळ बेकायदा आहे. ईएसआय पाऊण टक्का, १४,५०० वर १०८.७५, वरचा रुपया धरून १०९. हे बरोबर. व्यवसाय कराचे २०० मात्र चूक, कारण महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो कर नाही. पुरुषांच्या यादीचा तक्ता तसाच ओढून खाली उतरवला की असं होतं, त्यात नेहमी लबाडीच असते असं नाही. हिशेब केला तर १,६८० आणि २००, एकूण १,८८० रुपये महिन्याला जादा गेले. वर्षाचे २२,५६०. असे इमारतीत चाळीस जण असतील, तर ते आता एका बाईचं गाऱ्हाणं राहत नाही.

इथे थांबायचं नाही. कापलेला पीएफ भरलाय का, हे वेगळं तपासावं लागतं. त्या बाईला तिचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, विचार, तिच्याच फोनवर सरकारच्या उमंग ॲपमध्ये पीएफचं पासबुक उघडायला लाव. महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे चालू महिना दिसला नाही तर घाबरायचं कारण नाही. तीन महिने कोरे दिसले तर आहे. ओटीपी तिचा तिने टाकायचा, तू विचारायचासुद्धा नाहीस. पासबुक उघडत नसेल तर बहुतेकदा आधारवरचं नाव किंवा जन्मतारीख जुळत नसते. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, हा आपल्याकडचा कायमचा घोळ.

मग दिवस मोज. पत्रकावर २६ दिवस, ८ तास. तिला विचार : घरातून किती वाजता निघतेस, परत किती वाजता येतेस, महिन्यात सुट्ट्या किती? बारा तासांची पाळी आठ दाखवलेली असते. जादा तासांचा दर दुप्पट आहे, आणि चोरीची मोठी रक्कम बहुधा तिथेच असते. पण त्याला पुरावा लागतो. हजेरीचे फोटो, पाळीचे मेसेज, गेटवरची नोंद, नाहीतर तिने स्वतः रोज लिहिलेली साधी वही. ती वही आजपासून सुरू करायला सांग. शेवटी किमान वेतन : उद्योग कोणता, परिमंडळ (वेतनासाठी पाडलेला भाग) कोणतं, काम कुशल, अर्धकुशल की अकुशल, आणि विशेष भत्ता कोणत्या सहामाहीचा. तो जानेवारी आणि जुलैत बदलतो. गेल्या वर्षीचा तक्ता लावून ‘बरोबर आहे’ म्हणून मोकळं होणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

कायद्याचं म्हणशील तर तू अडनिड्या काळात येते आहेस. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आणि किमान वेतन, औद्योगिक विवाद, ग्रॅच्युइटी असे जुने कायदे त्यांत गेले. पण जुनी प्रकरणं जुन्या कलमांवर चालू आहेत, त्यामुळे दोन्ही वाचावे लागतील. कोणता अर्ज कुठल्या नियमाखाली, हे त्या दिवशी लागू असलेले राज्याचे नियम बघूनच ठरव. माथाडी कायदा आणि १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा हे राज्याचे, ते या चार संहितांत गेलेले नाहीत. मुदती पाठच करून टाक. वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षं. कामावरून काढलं तर औद्योगिक संबंध संहितेत दोन वर्षं, जुन्या कायद्यात तीन होती. लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत. ‘बघू, दिवाळीनंतर करू’ म्हणत मुदत गेलेला माणूस परत पाठवणं हे या कामातलं सगळ्यात वाईट काम आहे.

कुठलाही अर्ज दोन प्रतींत. एक कार्यालयाला, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही. ही पोच घेतली नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं. माहिती अधिकाराचा अर्ज असेल तर १० रुपये फी आणि महाराष्ट्रात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. लोक दोन पानं कैफियत लिहितात आणि माहिती मागायचीच राहून जाते.

विद्यार्थी चुकतात ते बहुतेक चांगुलपणापायी. ‘ताई, होईल ना काम?’ म्हटल्यावर ‘होईल’ म्हणतात. तू म्हणायचंस, ‘अर्ज गेला, पुढची तारीख अमुक.’ कोणाचीही मूळ कागदपत्रं घ्यायची नाहीत, झेरॉक्सच घ्यायची. परीक्षा आली, तू गावी गेलीस आणि त्या बाईचं आधार तुझ्या ट्रंकेत राहिलं तर रेशनपासून सगळं अडतं. पगारपत्रकाचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचा नाही, त्यावर नाव असतं आणि कंत्राटदाराचा माणूस कुठल्या ग्रुपमध्ये असेल सांगता येत नाही. नोंदवहीत पाच रकाने पुरेत : तारीख, नाव, तक्रार, काय केलं, पुढची तारीख. शेवटच्या दिवशी ही वही कोणाच्या हातात दिली ते लिहून सही घे. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन जाऊ नकोस. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला ‘आपण समाधानी आहात का, एक ते पाच’ असं विचारायचं नसतं.

तुझ्याही सुरक्षेचं बघ. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, बिनपगारीसुद्धा. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. समितीवर कोण आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव. विचारल्यावर तिथे चेहरे कसे होतात यावरूनही बरंच कळतं. वस्तीत एकटी आणि अंधार पडल्यावर नाही, कंत्राटदाराच्या गाडीत कधीच नाही.

मानधनाचं. कामगारांच्या घामाच्या दामाबद्दल बोलणाऱ्या संस्थेने विद्यार्थिनीला फुकट राबवावं हे शोभत नाही, आणि ते तोंडावर विचारायला हरकत नाही. मात्र सदस्यांच्या वर्गणीवर चालणारी युनियन आणि प्रकल्पाचा निधी असलेली संस्था यांना एकच माप लावू नकोस. वर्गणीवाल्यांकडून प्रवासखर्च आणि दुपारचं जेवण एवढं ठरवून घे. निधीवाल्यांकडे मानधन माग. दोन्हीकडे सुरू करण्याआधी चार गोष्टी लेखी हव्यात : दिवस आणि वेळ, रोजचं काम कोण सांगणार, खर्च कोण देणार, आणि शेवटी कामाचा तपशील असलेलं प्रमाणपत्र. ‘सामाजिक कार्यात उत्साहाने सहभाग घेतला’ असं प्रमाणपत्र कुठेच चालत नाही. ‘साठ पगारपत्रकं तपासली, नऊ अर्जांचे मसुदे केले’ हे चालतं. प्रवासखर्चही न देणाऱ्या ठिकाणी वसतिगृहातल्या मुलीने दहा आठवडे खर्च करून जाऊ नये, असं आमचं मत आहे.

एमएसडब्ल्यू की एलएलबी? एम.ए. पूर्ण कर, मग ठरव. एमएसडब्ल्यूची ताकद क्षेत्रकार्यात. मुंबईतली टाटा सामाजिक विज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था ही त्यातली जुनी नावं, आणि टाटाची एक शाखा तुळजापूरला, तुझ्या गावापासून फार लांब नाही. पण एम.ए.वर लगेच दुसरी पदव्युत्तर पदवी म्हणजे दोन वर्षं आणि फी, हातात नवं थोडंच. परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था कामगार विषयावरच शिकवते. तिथला अभ्यासक्रम कारखान्यातल्या कल्याण अधिकाऱ्याच्या नोकरीला उपयोगी पडतो. नव्या संहितेनुसार २५० कामगारांच्या कारखान्याला असा अधिकारी लागतो, आधी ही मर्यादा ५०० होती. ती नोकरी म्हणजे मालकाची बाजू, असं चळवळीतले काही जण नाक मुरडून सांगतील. पगार मालक देतो हे खरंच आहे. पण कॅन्टीन, पाळणाघर, अपघाताची नोंद ही कामंही कोणीतरी नीट करावीच लागतात. फक्त एकाच वेळी दोन्हीकडे उभं राहता येत नाही.

तुझं पत्र वाचून आमचा कल एलएलबीकडे आहे. पदवीनंतर तीन वर्षं, सीईटी देऊन. शिकताना कामगार वकिलाकडे अर्धवेळ काम मिळू शकतं. आणि पदवी नसतानाही एक दार उघडं असतं : कामगार अधिकाऱ्यापुढच्या समेटाच्या बोलणीत वकिलाला प्रवेश नाही, तिथे युनियनचा पदाधिकारीच बसतो. कामगार न्यायालयातही तो कामगाराची बाजू मांडू शकतो. वकिलाला मात्र समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून तिथली युनियनची मुरलेली माणसं बहुतेकदा वकील नसतातच. अशा एखाद्याबरोबर नुसतं मागे बसून ऐकायची परवानगी मिळाली, तर ओजेटीतले ते सर्वांत मोलाचे तास धर.

बाबांच्या काळजीला हसू नकोस. फडावरून मुलीला एम.ए.पर्यंत आणलेला माणूस पगाराच्या तारखेबद्दल विचारणारच. संघटनांतले पगार कमी असतात आणि निधीवर चालणाऱ्या संस्थांत प्रकल्प संपला की नोकरीही संपते. त्यामुळे परीक्षा दे, फक्त बँकेच्याच कशाला? राज्यात सरकारी कामगार अधिकारी आणि सहायक कामगार आयुक्त ही पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात. भविष्य निर्वाह निधी संघटनेतले अंमलबजावणी अधिकारी आणि सहायक आयुक्त यूपीएससीतून येतात. कामगार कायदे त्या अभ्यासक्रमातच आहेत, म्हणजे ओजेटीत केलेलं वाया जात नाही.

युनियनचं नाव लागण्याबद्दल : नोंदणीकृत संघटनेत काम शिकणं हा गुन्हा नाही. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात आहे. खासगी कंपनी मनात काय धरेल ते आपल्या हातात नाही, म्हणून बायोडेटात संघटनेच्या नावापुढे काम लिही : वेतन तपासणी, मराठी मसुदे, नोंदी. सरकारी नोकरीत मात्र चारित्र्य पडताळणीच्या अर्जात गुन्हा दाखल आहे का हे विचारतात आणि तिथे लपवलं तर ते जास्त महागात पडतं. तेव्हा या दहा आठवड्यांत परवानगी नसलेल्या आंदोलनात जाऊ नकोस, निवेदनावर सही करू नकोस, कारखान्याच्या गेटवर एकटी थांबू नकोस. यात भित्रेपणा नाही, तू तिथे शिकायला आली आहेस आणि अटक झाली तर सोडवायला धावायचं काम त्याच चार माणसांवर पडतं.

बाबांना हे सगळं सांगत बसू नकोस. पुढच्या सुट्टीत घरी गेलीस की गावातल्या एखाद्या पोराचं, पुण्या-चाकणला कंत्राटावर लागलेल्याचं, पगारपत्रक त्यांच्यासमोर तपासून दाखव. मामांना मात्र आधी फोन कर. भाचीने प्रकल्प का नाही केला, हे त्यांना तुझ्याकडूनच कळलेलं बरं.